डायमधून काढलेली पुंगळी आखूड व्हायच्या ऐवजी लांब का होते?

सांवेररोडकर (इंदूर)
मंडळी, प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे धातूकाम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो. सांवेर रोडवर माझं डाय-पंचचं वर्कशॉप आहे. पितळेच्या टोप्या, फेरूल असली कामं तीस वर्षं करतोय. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. तिथे त्याच्याकडे .३०८ विंचेस्टरची रायफल आहे, आणि झाडलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी कवचं) तो घरीच परत भरतो. तिकडे तो रीतसर छंद आहे.

परत भरण्याआधी पुंगळी हँडलच्या प्रेसवर सायझिंग डायमध्ये दाबतात. गोळी सुटताना पुंगळी चेंबरभर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) फुगते, तिला डाय परत मापात आणते. आता गंमत बघा. भाचा म्हणतो, झाडलेल्या पुंगळीचं बुडापासून खांद्यापर्यंतचं (मान सुरू होते तिथल्या उतारापर्यंतचं) माप १.६३० इंच येतं. डायमधून काढल्यावर त्यातल्या बऱ्याच १.६३३ भरतात. म्हणजे दाबल्यावर तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लांब! रायफलचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) शेवटच्या पाव फेऱ्यात अडतो, तळहाताने ठोकावा लागतो. डाय नवी, नामांकित कंपनीची. तो म्हणतो डाय खराब आहे, परत पाठवतो. मला ते पटत नाही. डाय खराब असती तर सगळ्याच पुंगळ्या सारख्या बिघडल्या असत्या. दोनशेतल्या साठ-सत्तर अगदी बरोबर येतात.

शिवाय एका पुंगळीत डायची पिन मोडली. व्हिडिओ कॉलवर मोडलेली पिन दाखवताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

आर्मरर_महू
मामा, पहिला प्रश्न. या दोनशे पुंगळ्या सगळ्या त्याच्या स्वतःच्या रायफलमधून झाडलेल्या आहेत का?

सांवेररोडकर
नाही. साठेक त्याच्या स्वतःच्या. बाकी रेंजवर पडलेल्या वेचून आणल्या.

आर्मरर_महू
मग निम्मं उत्तर तिथेच आहे. मी फौजेत बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, आता महूलाच स्थायिक. प्रत्येक चेंबर वेगळा असतो. .३०८ साठी हेडस्पेसचा (बोल्टपासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर) गो गेज, म्हणजे आत बसायलाच हवा तो, १.६३० आणि नो-गो, म्हणजे बसता कामा नये तो, १.६३४ इंचाचा असतो. म्हणजे चांगल्या रायफलींतसुद्धा चार थाऊंची जागा आहे. मशीनगनचा चेंबर त्याहून ढिला, कारण तिथे धूळ-चिखलातही काडतूस आत गेलं पाहिजे. त्यातून निघालेली पुंगळी बुडाशी जास्त फुगते. तुमच्या भाच्याने वेचलेल्या पुंगळ्यांत असल्या नक्की असणार. बुडावर गोलात क्रॉस असलेली नेटोची खूण, म्हणजे लष्करी माल, आहे का बघायला सांगा.

कळसूत्री
पण लांबी वाढली कशी? फुगलेली गोष्ट दाबली तर लहानच व्हायला हवी ना?

धातुशास्त्र_निवृत्त (वडोदरा)
कळसूत्री, टूथपेस्टची नळी मधोमध दाबा. पेस्ट कुठे जाते? तोंडाकडे. इथेही तेच होतं. पुंगळी डायमध्ये शिरताना आधी तिचं अंग दाबलं जातं, कारण अंगाचा व्यास डायपेक्षा मोठा असतो. पितळेचं आकारमान काही कमी होत नाही, ते सरकतं. बुडाकडे जाड भिंत आहे, तिकडे सरकायला जागा नाही, म्हणून खांदा पुढे जातो. जोवर पुंगळीचा खांदा डायच्या आतल्या खांद्याला टेकत नाही, तोवर लांबी वाढतच राहते. तो टेकला आणि वरून दाब आला की मग खांदा मागे हटतो. म्हणजे १.६३० वरून १.६३३ होणं हे अर्धवट सायझिंगचं लक्षण आहे. पुंगळी डायमध्ये पूर्ण वर गेलेलीच नाही.

सांवेररोडकर
सर, हे एकदम डोक्यात बसलं! आमच्याकडे ड्रॉ करताना (पत्रा डायमधून ओढून कप करताना) कपाची उंची वाढते तेच हे. पण त्याने सूचनापत्रकाप्रमाणेच डाय बसवली आहे. शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत खाली आणि मग आणखी पाव फेरा खाली.

लेथवाली_अनघा
डायचा आटा कोणता आहे?

सांवेररोडकर
७/८-१४. जवळपास सगळ्या रीलोडिंग डाय त्याच आट्याच्या असतात म्हणे.

लेथवाली_अनघा
म्हणजे इंचाला १४ आटे. एक फेरा म्हणजे ७१ थाऊ, पाव फेरा जवळजवळ १८ थाऊ, सोळावा भाग साडेचार थाऊ. दादा, तुम्हाला दोन-तीन थाऊंचा हिशोब लावायचाय आणि पत्रक पाव फेऱ्याची भाषा करतंय. ‘पाव फेरा’ ही मोजणी नव्हे. त्याला एक सोपी गोष्ट करायला सांगा. न दाबलेली पुंगळी घालून हँडल पूर्ण खाली आणायचं आणि तसंच धरून ठेवायचं. मग डाय आणि शेलहोल्डर यांच्यामध्ये मागून मोबाईलचा टॉर्च मारायचा. रिकाम्या प्रेसमध्ये दोन्ही टेकलेले दिसतात, पण पुंगळी दाबताना प्रेसची चौकटच ताणली जाते आणि फट पडते. माझ्या छोट्या हँडप्रेसवर मी हे कितीदा पाहिलंय. सी-फ्रेम (एका बाजूने उघडी चौकट) असेल तर विचारूच नका.

सांवेररोडकर
आज रात्री बोलतो त्याच्याशी.

नियमावली (संपादक मंडळ)
धागा चांगला चाललाय. फक्त एक विनंती: दारूचं वजन, गोळीचा वेग, भरण्याचं प्रमाण यातलं काहीही इथे लिहू नये. डाय, पितळ आणि मापं यावर मनसोक्त बोला.

वकील_रामबाग
आणि एक गोष्ट मी आताच सांगून ठेवतो, कारण दिवाळीत भाचे मंडळी येतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत ‘दारूगोळा’ या शब्दात त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. कलम ५ प्रमाणे निर्मितीला परवाना लागतो. ‘मामा, बघा तरी’ म्हणून रिकामी पुंगळी किंवा ती डाय बॅगेत टाकून कुणी आणू नये. विमानतळावर रिकाम्या पुंगळीपायी अडकलेल्या मुलासाठी मी रात्री दोनला फोन घेतले आहेत. आई-वडिलांची काय अवस्था होते ते सांगवत नाही.

सांवेररोडकर
वकीलसाहेब, बरं झालं सांगितलंत. तो खरंच घेऊन येणार होता. आत्ताच मेसेज केला, काही आणायचं नाही, फक्त मापं आणि फोटो पाठवायचे.

नेमबाजाची_आई (सुदामा नगर)
मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी .२२ ने पन्नास मीटर खेळते. गोळ्यांचा खर्च बघून छाती दडपते. परवाना वगैरे सगळं रीतसर केलं तर या पुंगळ्या परत भरता येतात का?

आर्मरर_महू
ताई, .२२ च्या नाही येत. ती रिमफायर आहे. ठिणगीचा मसाला वेगळ्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या टोपीत, नसतो, तो पुंगळीच्या कडेच्या आत, त्या दुमडीत फिरवून भरलेला असतो. रायफलची पिन कडेवर आदळते आणि कड चेपते. एकदा चेपली की ती पुंगळी संपली. स्वप्निल कुसळेने पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य मिळवलं ते याच .२२ वर, आणि आपल्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही तोच प्रकार खेळतो. त्या खेळात ‘परत भरणं’ नाहीच. एकाच लॉटच्या गोळ्या रायफलला तपासून घेणं एवढंच हातात असतं. मुलीला माझे आशीर्वाद सांगा.

नेमबाजाची_आई
धन्यवाद काका. निदान आशेला लागून उगाच फिरणार नाही.

बर्तनबाजार
मी राजवाड्यामागच्या बर्तन बाजारातला. आमच्या घरात चार पिढ्या तांबा-पितळ. मामा, तुमच्या भाच्याचं पितळ ‘चढलंय’. पितळ ठोकलं की कडक होतं, ताव दिला की मऊ पडतं. कळशी घडवताना आम्ही मधूनमधून भट्टीत लाल करतो, नाहीतर काठाला चीर जाते. त्या पुंगळ्या एकदा भट्टीत घालून लाल करायला सांगा, लोण्यासारख्या दबतील.

धातुशास्त्र_निवृत्त (वडोदरा)
बर्तनबाजार, निदान शंभर टक्के बरोबर. पण उपाय तसा करायचा नाही! कृपा करून कुणीही पूर्ण पुंगळी भट्टीत घालू नये.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. ताणायला याच्यासारखं पितळ नाही, म्हणून तर ब्लँकपासून कप आणि कपापासून लांब पुंगळी असे अनेक ड्रॉ त्यावर घेता येतात, मध्ये मध्ये ताव देत. पण शेवटी पुंगळीचा कडकपणा सगळीकडे सारखा ठेवत नाहीत. बूड कडक, मान मऊ. .३०८ साठी कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड धरलेला आहे. तो दाब बुडाने पेलायचा असतो. बूड मऊ केलंत तर ते पसरतं, प्रायमर गळतो आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

म्हणून ताव फक्त मान आणि खांद्याला. काही सेकंद ज्योत, आणि अंधाऱ्या खोलीत मान तांबूस दिसायच्या आत बाजूला. खालचा भाग पाण्यात किंवा धातूच्या साच्यात थंड राहील असा धरायचा. तिकडे साधारण ४०० अंश सेल्सिअसला वितळणारा रंग मिळतो, तो मानेला आतून लावून वेळ ठरवतात.

बर्तनबाजार
हे मला माहीत नव्हतं सर. आमची कळशी दाब झेलत नाही, पाणी झेलते. मागे घेतलं.

सांवेररोडकर
सर, मग कडक पितळाचा आणि माझ्या तीन थाऊंचा संबंध स्प्रिंगबॅकचा ना? आमच्याकडे पत्र्याचा लॉट बदलला की बेंड अर्धा अंश उघडतो. डाय तीच, पंच तोच.

धातुशास्त्र_निवृत्त (वडोदरा)
अगदी तेच. पितळ जितकं कडक तितकं ते दाबातून सुटल्यावर मूळ जागेकडे परत जातं. एकदाच झाडलेली आणि आठ वेळा झाडलेली पुंगळी एकाच डायमधून काढा, दोन वेगळी मापं मिळतील. शिवाय कडक पुंगळीला जास्त जोर लागतो, म्हणून प्रेसही जास्त ताणली जाते. अनघाताईंची फट आणि माझा स्प्रिंगबॅक दोन्ही एकाच दिशेला ओढतात.

पोहेजलेबी
भिया, मी फक्त वाचायला आलो होतो आणि सकाळपासून दुकानात चमच्याने टूथपेस्टची नळी दाबून बघतोय. खरंच पुढे सरकते!

सांवेररोडकर
फट दिसली! काल रात्री त्याने फोन टेबलावर उभा करून दाखवलं. स्वतःच्या रायफलच्या पुंगळीला उजेडाची रेघ दिसत नव्हती. वेचलेल्या पुंगळीला बारीक पांढरी रेघ, केसाएवढी. मी इथून ओरडलो, ‘थांब, हँडल सोडू नको!’ फीलर गेज नव्हता, म्हणून त्याने एक कागद घातला, तो आरपार गेला. आमच्या ऑफिसचा कागद मी मायक्रोमीटरने मोजला, चार थाऊ. म्हणजे फट निदान तेवढी. डाय निर्दोष आहे.

आता माझा विचार असा, की डायचं तळ तीन-चार थाऊ ग्राइंड करून घ्यावं. पुंगळी तेवढी आत जाईल.

लेथवाली_अनघा
नका दादा, डायला हात लावू नका. ती कडक केलेली, आतून घासलेली महागडी वस्तू. घासायचंच तर शेलहोल्डर घासा. तो स्वस्त आहे, बिघडला तर दुसरा. आणि त्याच्याही आधी डाय थोडी आणखी खाली फिरवून बघा. रिकाम्या प्रेसमध्ये हँडल शेवटी जरा कचकन बसलं पाहिजे. त्यातच फट मिटते.

आर्मरर_महू
अनघाताईंशी सहमत. त्याच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे शेलहोल्डर असतील तर एकाच कंपनीचा डाय आणि होल्डर जोडीने वापरायला सांगा. होल्डरच्या वरच्या पृष्ठभागापासून पुंगळी बसते त्या बैठकीपर्यंत ठरलेलं माप .१२५ इंच आहे. पण दोन कंपन्यांत दोन-तीन थाऊ इकडेतिकडे झाले तर तुमचं सगळं गणित तिथेच गेलं. रेडिंग कंपनीचा तर दोन-दोन थाऊंनी चढत जाणारा शेलहोल्डरचा संचच मिळतो, याच कामासाठी.

पण मामा, उलट बाजूचीही काळजी घ्या. फट मिटवायच्या नादात खांदा खूप मागे ढकलू नका. बोल्ट रायफलला झाडलेल्या मापापासून एक-दोन थाऊ मागे पुरे. .३०३ चं उदाहरण सांगतो. ली-एनफिल्ड या जुन्या इंग्रजी लष्करी रायफलचं हे काडतूस कडेवर टेकतं, खांद्यावर नाही, आणि चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेले. त्यात पुंगळी दर वेळी पूर्ण सायझ केली की दर वेळी ती पुढे ताणली जाते, आणि काही फेऱ्यांत बुडाच्या थोडं वर तुटते. पुढचा भाग चेंबरमध्येच राहतो. नंबर चारच्या रायफलला तर हेडस्पेस जुळवायला ० ते ३ अशा चार बोल्टहेड होत्या. तरी खांद्याकडचा ढिलेपणा राहतोच. म्हणून .३०३ चे जाणकार फक्त मान सायझ करतात.

ग्वाल्हेरचा_नाना
तुटायच्या आधी ओळखता येतं का?

आर्मरर_महू
येतं. पेपरक्लिप सरळ करायची, टोक काटकोनात वाकवायचं आणि टोकाला धार काढायची. पुंगळीच्या तोंडातून आत घालून भिंतीला लावत बुडापासून वर ओढायची. चांगल्या पुंगळीत गुळगुळीत सरकते. पातळ झालेल्या पुंगळीत बुडाच्या जरा वर खोबणीत अडकते, बोटाला चक्क ‘टक्’ जाणवतं. बाहेरून त्याच जागी फिकट चकचकीत रिंग दिसते. ज्या पुंगळीत टक् झालं ती चिमट्याने चेपून भंगारात टाकायची. शंका आली तरी टाकायची.

लेथवाली_अनघा
आणि वंगण विचारायचं राहिलं. कोणतं लावतो?

सांवेररोडकर
लावतो, पण खांद्यावर बारीक चेप पडतात म्हणाला. फोटो पाहिला, जणू कुणी नखाने दाबलंय.

लेथवाली_अनघा
जास्त लावतोय. तेल दबत नाही, डायच्या खांद्यात साठतं आणि पितळालाच आत ढकलतं. अंगाला पातळ थर, खांद्याला जवळजवळ काही नाही, आणि डायमधलं हवेचं भोक साफ. पण कंटाळून वंगण बंद केलं तर पुंगळी डायमध्येच रुतते, हँडल खेचलं की कड फाटते. मग बुडाला भोक, टॅप, बोल्ट आणि पुलर. आख्खा रविवार जातो.

ग्वाल्हेरचा_नाना
पिन का मोडली त्याचं उत्तर कुणी दिलंच नाही.

आर्मरर_महू
खरंय नाना. ती पुंगळी बर्डन असणार. अमेरिकी पुंगळीत प्रायमरच्या खळग्याच्या मधोमध एक भोक असतं, बॉक्सर पद्धत. डायची पिन त्यातून जाऊन प्रायमर बाहेर ढकलते. बर्डनमध्ये मधोमध ऐरण आणि बाजूला दोन बारीक भोकं. पिन सरळ ऐरणीवर आदळते आणि मोडते. नावांची गंमत अशी, की बर्डन अमेरिकी आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत बॉक्सर रुजलं आणि युरोपात बर्डन. टॉर्चने आत बघितलं की लगेच कळतं, एक भोक की दोन.

कळसूत्री
पुंगळ्या साफ कशाने करतो? आमच्याकडे देवाची उपकरणी चिंच-मिठाने.

धातुशास्त्र_निवृत्त (वडोदरा)
आम्लाचं पाणी चालतं, तिकडे लिंबूसत्त्वच वापरतात, पण फार वेळ भिजवलं तर जस्त निघून पितळ गुलाबी पडतं. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र अजिबात नको. यात आपल्या देशाची एक जुनी गोष्ट आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवत. मूत्रातून सुटलेला अमोनिया आणि दमट हवा, यामुळे पुंगळ्यांच्या माना आपोआप चिरायच्या. पावसाळ्याच्या मोसमात दिसणारी चीर म्हणून इंग्रजीत तिला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. आत अडकलेला ताण आणि बाहेरून अमोनिया, दोन्ही लागतात. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचं कारण उलगडलं आणि हलका ताव देऊन ताण काढायचा उपायही सांगितला. मी हे तीस वर्षं वर्गात शिकवलं. दर वर्षी ‘पागा’ म्हटलं की शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

बर्तनबाजार
सर, आमचे आजोबा गोठ्याजवळ पितळी भांडी ठेवू द्यायचे नाहीत. काठ फुटतो म्हणायचे. कारण आज कळलं.

सांवेररोडकर
उशीर झाला, पण पूर्ण हिशोब देतो. काल रविवारी तीन तास फोनवर होतो.

त्याने बुडाच्या खुणा बघून चार ढीग केले. स्वतःच्या ६३ पुंगळ्या: डाय थोडी खाली घेतल्यावर सगळ्या १.६२८ ते १.६२९, बोल्ट एका बोटाने मिटतो. वेचलेल्या पण साध्या ७४: आधी १.६३१ ते १.६३३ असं काहीही येत होतं. मानेला ताव दिल्यावर आणि वंगण कमी केल्यावर बहुतेक १.६२९ ला आल्या. नेटोच्या खुणेच्या ५२: खांदा बरोबर येऊनही बोल्ट अडतोच. बुडाशी व्यास जास्त आहे, आणि साधी डाय तितक्या खालपर्यंत दाबत नाही. त्यांच्यासाठी त्याच्या क्लबातल्या एकाने स्मॉल-बेस डाय वापरायला दिली, त्यातल्या दोन करून पाहिल्या, बसल्या. दोन भोकांच्या ९, त्या भंगारात.

पेपरक्लिपची परीक्षा मी त्याला कॅमेऱ्यासमोर करायला लावली. साध्या ढिगात चार आणि नेटोच्या ढिगात सात पुंगळ्यांत टक् झालं. त्यातली एक त्याने करवतीने उभी कापून दाखवली. आतून बुडाच्या वर गोल खोबण, भिंत तिथे कागदासारखी. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. ही पुंगळी तो पुढच्या शनिवारी भरणार होता.

आर्मरर_महू
त्या अकराच्या अकरा चेपल्या ना?

सांवेररोडकर
माझ्यासमोर. हातोडीने.